फळीवरच्या बाई

आयुष्यात ज्या व्यक्तीविरुद्ध मी सर्वाधिक लेखी तक्रारी केल्या, त्याच व्यक्तीबरोबर मी जपानला गेलो, आणि तेही बर्फावरून घसरण्याच्या सहलीला. घसरल्या त्या. मी खाली उभा राहून सूचनाफलक वाचत होतो. या विसंगतीचा खुलासा करणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्या वसाहतीत त्या सहलीविषयी ज्या कथा फिरत आहेत त्यांतली एकही अचूक नाही, आणि चुकीचे विधान दुरुस्त न करता सोडून देणे मला आजवर जमलेले नाही.

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या इमारतींच्या मागे एक मोठा खोलगट भाग आहे. पावसाचे पाणी तळघरांत शिरू नये म्हणून ते साठवण्यासाठी केलेला. एरवी तिथे गवत वाढते आणि मोठमोठी भांडखोर रानबदके चरतात. हिवाळ्यात त्याचा उतार बर्फाने भरून जातो. त्या उतारावर जाण्यास मनाई असल्याचा फलक तिथे आहे. तो माझ्या पाठपुराव्यामुळे लागला, हे मी अभिमानाने नमूद करतो. एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहतो, तर जांभळे हेल्मेट घातलेले एक मूल फळीवर उभे राहून त्या फलकाच्या अगदी शेजारून खाली जात होते. झोकात जात होते. तळाशी पोचले की ते झुडपांमागे दिसेनासे होई आणि थोड्या वेळाने पुन्हा वर उगवे. मी त्याच दिवशी व्यवस्थापक मंडळाला पत्र लिहिले. ‘एक अज्ञात अल्पवयीन व्यक्ती, पालकांच्या देखरेखीशिवाय, वसाहतीच्या सामायिक जागेत’ अशी त्याची सुरुवात होती. मंडळाने ते माझी परवानगी न घेता सूचनाफलकावर लावले. त्याबद्दल मी वेगळे पत्र लिहिले.

दुसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली. दारात तळमजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. रविवारच्या मराठी शाळेत त्या कैक वर्षे शिकवत आल्या होत्या, त्यामुळे सगळी वसाहत, त्यांच्याहून मोठी माणसेसुद्धा, त्यांना बाईच म्हणत असे. एका हातात माझ्या पत्राची प्रत होती आणि दुसऱ्या काखेत जांभळे हेल्मेट.

“वकीलसाहेब, हे पत्र तुमचं?”

“मी वकील नाही,” मी म्हणालो.

“यातली अल्पवयीन व्यक्ती कोण?”

मी हेल्मेटकडे पाहिले.

“मला सासष्टावं लागलंय,” बाई म्हणाल्या. “आणि पालकांच्या देखरेखीचं म्हणाल, तर माझे दोन्ही पालक वारले हो. कोणाला बोलावू?”

मागून आमची ही मोठ्याने हसली. “बाई, आत या. चहा टाकते.”

मी खरोखरच वकील नाही. विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात माझी हयात गेली. वकिलांनी लिहिलेल्या मजकुरातली भोके शोधणे हे माझे काम होते. हा फरक बाईंना मी अनेकदा समजावून सांगितला. “म्हणजे वकिलांचे वकील,” असे म्हणून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला.

मी त्यांना खिडकीतून ओळखले नाही, याला सबळ कारण होते. बाईंचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड होता. लहानपणी वऱ्हाडातल्या गावी चिंचेवरून पडून तो मोडला, आणि ज्याने बसवला त्याने घाईत बसवला. चालताना बाई प्रत्येक पावलाला एका अंगावर कलत आणि पुन्हा सावरत. आमच्या दारापुढच्या ताज्या बर्फावर त्यांची पावले मी नेहमी पाहत असे: एक खोल, एक उथळ आणि जरा ओढलेले. ती चाल शंभर माणसांत ओळखू आली असती. फळीवरच्या त्या आकृतीला ती चाल नव्हती. तिला चालच नव्हती. ती नुसती वाहत होती.

“जमिनीवर माझे दोन पाय दोन घरचे आहेत,” बाई म्हणत. “फळीवर बांधले की एकत्र कुटुंब.”

स्नोबोर्ड हा शब्द त्यांनी माझ्या देखत कधी उच्चारला नाही. ती फळी. रविवारच्या शाळेतली मुले एकदा जवळच्या एका टेकडीवर सहलीला गेली होती. तिथे यंत्राने बर्फ उडवून उतार तयार करतात. बाईंना बॅगा राखायला बसवले होते. एका मुलाची फळी शेजारी रिकामी पडली होती. बाई आधी तिच्यावर बसल्या, मग उभ्या राहिल्या, आणि बॅगांकडे त्या दिवशी कोणी पाहिले नाही. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती.

त्यांच्या स्वभावातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला बाई सर्वांच्या आधी, माईक लावणाऱ्यांच्याही आधी, येऊन पहिल्या रांगेच्या कडेला बसलेल्या असत. आणि कार्यक्रम संपला तरी खुर्च्यांच्या घड्या होईपर्यंत उठत नसत. लोक म्हणत, बाईंना केवढी हौस! मी मात्र दारे उघडण्यापूर्वी ठरावीक व्यक्तींना जागा दिल्या जातात, हे मंडळाच्या घटनेत बसत नाही, असे अध्यक्षांना लिहायला घेतले. हिने कागद माझ्या हातातून काढून घेतला.

“त्यांना भरल्या सभागृहातून चालत जायचं नसतं. एवढं कळत नाही तुम्हाला?”

ते पत्र गेले नाही. माझ्या न गेलेल्या पत्रांची संख्या अत्यल्प आहे.

त्या चहानंतर आमची ही बाईंची शिष्या झाली. साठीला टेकलेल्या, गुडघ्यांच्या तक्रारी असलेल्या स्त्रीने बर्फावर जावे याला माझा तत्त्वतः विरोध होता, पण तो नोंदवून घ्यायला घरात कोणी नव्हते. बाईंची शिकवण्याची पद्धत अशी की पहिला अख्खा दिवस नुसते पडायचे. पुढे पडायचे, मागे पडायचे, कुशीवर पडायचे.

“पडा,” बाई म्हणाल्या.

“अहो बाई, मी अजून उभीच राहिले नाही.”

“म्हणूनच म्हणते. उभ्या राहिलात की पडायची भीती वाटायला लागेल. आत्ताच उरकून घ्या.”

दुसऱ्या दिवसापासून चवडा आणि टाच. फळीला दोन कडा असतात. चवड्यावर भार दिला की ती एका बाजूला वळते, टाचेवर दिला की दुसऱ्या. शास्त्र एवढेच. बाई उताराच्या मधोमध उभ्या राहून, रविवारच्या शाळेत पाढे म्हणवून घेत त्याच सुरात, “चवडा! टाच! चवडा! टाच!” असे ओरडत. माणसांना उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यांवर काम करणारी दाढीवाली अमेरिकन पोरे त्यांना लांबून पाहिले की “टाऽच!” अशी आरोळी ठोकत. बाई जाकिटाच्या खिशातून गूळ-शेंगदाणे काढून त्यांच्या हातमोज्यांत घालत. त्या टेकडीवरच्या उपाहारगृहात बाहेरचे पदार्थ आणण्यास मनाई असल्याचे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्यांनी मलाही शेंगदाणे दिले.

नियम या वस्तूकडे पाहण्याची त्यांची दृष्टी मला अस्वस्थ करी. सूचनाफलक म्हणजे कोणीतरी दुसऱ्या कोणासाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी, असे त्यांचे मत होते. त्या टेकडीच्या तिकीटखिडकीवर जबाबदारीतून मुक्ततेचा मजकूर सही करायला देतात. मी तो हिच्या वतीने संपूर्ण वाचत होतो आणि मागे रांग वाढत होती.

“अहो वकीलसाहेब, काय निघालं?”

“मृत्यू आल्यास सर्वस्वी आपली जबाबदारी, असे म्हटले आहे.”

“मग आणखी कोणाची असणार? करा सही, बर्फ वितळतोय.”

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांचा उजवा गुडघा बोलू लागला. आयुष्यभर एका अंगाचा भार वाहून तो झिजला होता. शल्यविशारदाने तपासले, वसंत ऋतूत बदलायचे ठरवले आणि त्यानंतर फळी बंद, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. बाई तिथून थेट आमच्याकडे आल्या आणि जेवणाच्या टेबलाशी बसल्या.

“मार्चपर्यंत गुडघा माझा आहे,” त्या म्हणाल्या. “मग कंपनीचा.”

हिने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

“मला जपानला जायचंय. इथला बर्फ म्हणजे फरशी. पडलं की आवाज येतो. तिकडे होक्काइदोला म्हणे मुठीत धरून लाडू वळत नाही, इतका कोरडा पडतो. पिठीसाखर. आणि वरच्या उतारांवर कोणाचीच रेघ नसते. आपण काढू ती पहिली.” मग माझ्याकडे वळून, एरवीचा थट्टेचा सूर नसलेल्या आवाजात, म्हणाल्या, “वकीलसाहेब, एकदा तशी रेघ काढायची आहे. मग घ्या म्हणावं गुडघा.”

हिने लगेच भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली. मी माझे विरोधाचे मुद्दे दुसऱ्या दिवशी टंकलिखित करून दोघींना दिले. बाईंनी ते शेवटपर्यंत वाचले, कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि टेबलाच्या एका पायाखाली सरकवली.

“डुगडुगत होतं,” त्या म्हणाल्या.

माझे पक्षांतर घडवून आणले ते विमा कंपनीने. परदेशात वैद्यकीय खर्चाची हमी हवी म्हणून बाईंनी अर्ज केला, तर त्यांचे वय पाहून आणि ‘धोकादायक क्रीडाप्रकार’ असा शेरा मारून तो फेटाळण्यात आला. ते पत्र मी वाचले. ज्या धंद्यात मी हयात घालवली, त्या धंद्यातल्या माणसाने स्वतःच्याच कंपनीची व्याख्या वाचू नये? कंपनीच्या माहितीपत्रकात, तळटीपेत, स्पष्ट म्हटले होते की खुणा केलेले उतार, तसेच गस्तीपथकाने उघडलेल्या फाटकातून प्रमाणित वाटाड्यासह केलेली घसरण, ही धोकादायक समजली जाणार नाही. वयाची अट त्या कलमाला लागूच नव्हती. मी लिहिले. उत्तर आले, ते सौजन्यपूर्ण आणि निरर्थक होते. मी पुन्हा लिहिले, त्यांचेच कलम त्यांना उद्धृत करून, आणि प्रत राज्याच्या विमा आयुक्तांच्या कार्यालयाला जोडली. कंपनी नमली.

बाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. “हे तुमचे. तुम्ही रागावलात की कामाचे असता.”

राहता राहिली त्यांची मुलगी. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला, एका चिप बनवणाऱ्या कंपनीत अभियंता आहे, इथेच जन्मलेली; मराठी सगळे समजते, बोलते बहुतेक इंग्रजी. व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“आई, यू आर इनसेन! युवर नी! काका, तुम्ही तरी सांगा ना तिला.”

“कलम तपासले आहे,” मी म्हणालो.

“व्हॉट?”

“मराठीत ओरड,” बाई म्हणाल्या. “म्हणजे रागावलेली वाटशील. आत्ता नुसती हवामानाचा अंदाज सांगते आहेस असं वाटतं.”

नेवार्कच्या विमानतळावर घडलेला प्रसंग मी थोडक्यात सांगतो, कारण त्याबाबतचा माझा पत्रव्यवहार अद्याप सुरू आहे. विमान कंपनीच्या नियमानुसार क्रीडासाहित्याच्या पिशवीत केवळ क्रीडासाहित्य असावे. बाईंच्या पिशवीत फळीभोवती थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि चकल्या गच्च बसवलेल्या होत्या. “फळीला धक्का लागू नये म्हणून,” बाईंनी खिडकीवरच्या मुलीला सांगितले. मुलीने पिशवीत डोकावून पाहिले आणि मान्य केले. माझी तक्रार ही आहे की तिने ते मान्य करायला नको होते.

जपान. मला या देशाबद्दल आधी का कोणी सांगितले नाही, असे मला अजूनही वाटते. बर्फ भुरभुरत असताना, दूरवर एकही गाडी नसताना, केवळ दिवा लाल आहे म्हणून पदपथाच्या कडेला चार माणसे निमूट उभी असलेली मी पाहिली आणि माझे डोळे भरून आले. हिने मला रुमाल दिला. “काय झालं?” बाईंनी विचारले. “काही नाही,” ही म्हणाली, “यांना माहेरी आल्यासारखं वाटतंय.”

आम्ही एका म्हाताऱ्या मालकिणीच्या लहानशा अतिथिगृहात उतरलो होतो. बाहेरचे जोडे दारात; बर्फातले बूट एका उबदार खोलीत, प्रत्येक खोलीच्या क्रमांकाच्या कप्प्यात, सुकायला. मालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हते. रोज सकाळी बाई न्याहारी सोडून खिडकीशी जात आणि वर डोंगराकडे बोट दाखवत. मालकीणबाई दोन्ही हात छातीपुढे फुलीसारखे धरत. बंद. वरच्या पाळण्यांवर वारा इतका होता की डोंगरावरचे गस्तीपथक वरच्या उताराचे फाटक उघडत नव्हते. मग बाई खालच्या उतारांवर जात; तिथे सकाळीच हजारो रेघांचे जाळे झालेले असे. त्या तक्रार करत नसत. एका जपानी आजोबांना त्यांनी चवडा आणि टाच शिकवले. पण संध्याकाळी परतल्या की उजवा गुडघा दोन्ही हातांत धरून गरम पाण्याच्या पिशवीवर बसत, आणि तो रोज थोडा अधिक सुजलेला दिसे. सहल संपत आली होती, आणि गुडघाही.

शेवटच्या सकाळी मालकीणबाईंनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठे वर्तुळ केले. उघडले! फोनवरच्या भाषांतराने सांगितले, वारा दुपारनंतर फिरणार आहे, तेव्हा लवकर जा. आम्ही ठरवलेली वाटाडी मुलगी पाळण्याशी येऊन थांबली होती. बाई न्याहारीवरून तरातरा उठून बुटांच्या खोलीत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या.

“उजवा बूट नाही.”

“नाही म्हणजे? काल कुठे ठेवला होता?” मी विचारले.

“डावा आपल्या कप्प्यात. उजवा पलीकडच्या रांगेत, कोपऱ्यात. त्या उंच पाहुण्यांच्या बुटांच्या मागे.”

“का?”

“का म्हणजे? देवळाबाहेर ठेवतो तसा. एक इकडे, एक तिकडे. जोडी दिसली की उचलतात.”

“बाई! हा जपान आहे!”

“मला काय माहीत इथले चोर कसे असतात ते?”

“इथे चोर नाहीत!”

“मग बूट कुठाय?”

भाड्याने दुसरा बूट मिळाला असता, पण उपयोग नव्हता. बाईंच्या उजव्या बुटाच्या आत मापाने करून घेतलेली उंच टाच बसवलेली होती. तिच्यामुळेच त्यांचे दोन्ही पाय फळीवर एका पातळीत येत. ती नसेल तर सगळा भार त्या गुडघ्यावर.

मालकीणबाईंनी फोनपुढे वाकून हकीकत सांगितली. उंच पाहुणे काल रात्री गेले. त्यांचा कप्पा साफ करताना मागे एकच बूट सापडला. त्यांना फोन केला, त्यांचा नव्हता. एकाच पायाचा बूट कोणा राहत्या पाहुण्याचा असेल, असे मनातही आले नाही. म्हणून नियमाप्रमाणे तो पोलीस चौकीत जमा केला. इतके सांगून त्यांनी क्षमा मागितली. क्षमेचे काहीच कारण नव्हते. संपूर्ण प्रक्रिया निर्दोष होती, आणि मला संताप आला होता तो नेमका त्याचाच.

चौकी रस्त्याच्या टोकाला होती. तरुण पोलिसाने बूट आतून आणला. पारदर्शक पिशवीत, चिठ्ठी लावलेला. बाईंनी डावा पुढे ठेवला. त्याने रंग पाहिला, बनावट पाहिली, समाधानाने मान हलवली. मग उजव्यात हात घातला. मग डाव्यात. पुन्हा उजव्यात. त्याचा चेहरा गंभीर झाला. तो फोनमध्ये बोलला आणि फोनमधल्या निर्विकार आवाजाने आम्हाला सांगितले: हे दोन बूट एका माणसाचे वाटत नाहीत; एकात उंचवटा आहे, दुसऱ्यात नाही.

मी फोन हातात घेतला. मी वैद्यकीय कारण सांगितले, पारपत्रे दाखवली, मालकीणबाईंचे नाव सांगितले. खिडकीतून वरचे शिखर उन्हात चकाकताना दिसत होते. त्याने प्रत्येक मुद्दा लक्षपूर्वक ऐकला आणि प्रत्येक वेळी अत्यंत नम्रपणे तोच प्रश्न विचारला: हा बूट यांचाच, हे कसे ठरवायचे? शेवटी मी जन्मात पहिल्यांदा एका अधिकाऱ्याला नियम बाजूला ठेवण्याची विनंती केली. त्याने ती नाकारली. त्याच्या जागी मी असतो तर मीही नाकारली असती, आणि म्हणूनच मला त्याचा भयंकर राग आला.

“थांबा हो तुम्ही,” बाई म्हणाल्या. “त्याला म्हणावं, बघ.”

त्यांनी पायांतले साधे जोडे काढले. चौकीत वाट विचारायला आलेले एक जोडपे होते, दाराशी आणखी कोणी उभे होते. बाई नुसत्या मोज्यांवर दारापासून समोरच्या भिंतीवरच्या नकाशापर्यंत चालत गेल्या. घाई न करता. कलत, सावरत, कलत, सावरत. नकाशाशी थांबल्या, वळल्या आणि तशाच परत आल्या. सगळे पाहत होते. सगळ्यांनी पाहावे म्हणूनच त्या चालत होत्या. ही माझा दंड घट्ट धरून उभी होती.

“झालं?” बाईंनी पोलिसाला मराठीत विचारले.

तो टेबलाच्या मागून बाहेर आला. गुडघ्यांवर बसून त्याने दोन्ही बूट चटईवर शेजारी शेजारी, चवडे दाराकडे करून, ठेवले. बाईंनी पाय घातले आणि उभ्या राहिल्या. सरळ. तो कमरेतून वाकला. त्यानंतर त्याने पोचपावतीवर सही घेतली. ती घ्यायलाच हवी होती.

भाषांतराने माझा फोन निपचित पडला होता, हिचा थंडीने. बाई फोन बाळगतच नसत. त्यामुळे पुढच्या घटनेचे छायाचित्र, चित्रफीत किंवा अन्य कोणताही दृश्य पुरावा अस्तित्वात नाही. मी जे पाहिले तेवढेच आहे.

आम्ही दोघे पाळण्याच्या मधल्या थांब्यावर उतरलो. “माझी अजून त्या उताराची लायकी नाही,” असे ही म्हणाली. वाटाडीबरोबर बाई वर गेल्या. थांब्याच्या कठड्यापासून वरचा उतार पूर्ण दिसत होता. आमच्याआधी जे गेले ते दुसऱ्या बाजूने उतरले होते, आणि या बाजूचा बर्फ कोऱ्या चादरीसारखा पसरला होता. फाटकाशी जांभळा ठिपका थांबला. बराच वेळ हलला नाही. मग सुटला.

बर्फ त्यांच्या कमरेपर्यंत उडत होता; मधूनच त्या त्यात पार नाहीशा होत आणि नुसते हेल्मेट तरंगताना दिसे. आवाज अजिबात नव्हता. ही माझ्या बाहीला लोंबकळून पुटपुटत होती, “चवडा... टाच... चवडा... टाच...” अर्ध्यावर बाई एकाएकी थांबल्या.

“गुडघा!” ही म्हणाली.

वाटाडी वरून हाक मारत होती. बाईंनी तिला हात केला. त्यांना काही झालेले नव्हते. त्या मान वळवून मागे, वर, पाहत होत्या. जिथून आल्या तिथून त्यांच्यापर्यंत, नागमोडी, अखंड, रेघ उतरली होती. एकच. तिच्यात खोल आणि उथळ असे काही नव्हते. त्या किती वेळ पाहत राहिल्या, हे मला सांगता येणार नाही. मग त्यांनी तोंड खाली वळवले आणि उरलेला उतार, माझ्या मते अनावश्यक वेगाने, घेतला.

शेवटचे वळण आमच्या अगदी समोर होते; त्याचे वर्णन मी इथे करत नाही. त्यानंतर थोड्या वेळाने बाई आमच्यापर्यंत आल्या, तेव्हा त्यांच्या हेल्मेटच्या भोकांत, कॉलरच्या आत आणि तोंडातही बर्फ होता. त्या इतक्या हसत होत्या की त्यांना श्वास घेता येत नव्हता. “चव घेतली,” त्या म्हणाल्या. “खरंच पिठीसाखर आहे हो.”

दुपारी वारा फिरला, फाटक बंद झाले, आणि संध्याकाळपर्यंत नव्या बर्फाने उतार पुन्हा कोरा केला.

मार्चमध्ये गुडघा बदलला. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण एकटीने राहू देणार नाही म्हणून मुलगी त्यांना सनीव्हेलला घेऊन गेली. तिथे बर्फ पडत नाही. बाईंनी तिथल्या गृहसंकुलाच्या जलतरण तलावाभोवतीच्या काही फलकांबाबत मला सल्ला विचारला आहे; त्या फलकांच्या बाजूने नव्हे.

मुलगी मला अधूनमधून फोन करते, आणि प्रत्येक वेळी एकाच मुद्द्यावर येते. निघण्यापूर्वी तिने आईकडून एकच वचन घेतले होते, असे मला तिच्याकडूनच कळले: काहीही कर, पण पडायचे नाही. गेल्या रविवारी तिने पुन्हा विचारले.

“काका, टेल मी ऑनेस्टली. आई म्हणते ती एकदाही पडली नाही. इज दॅट ट्रू? डिड शी फॉल?”

मागून बाईंचा आवाज आला. “विचार, विचार त्यांना. ते जन्मात खोटं बोललेले नाहीत.”

खिडकीबाहेर आमचा तो खोलगट भाग होता, माझा फलक होता, आणि उतारावर कोणी नव्हते.

“नाही,” मी म्हणालो. “एकदाही पडल्या नाहीत.”

हे विधान शपथेवर केलेले नव्हते, एवढे इथे नमूद करून ठेवतो.